शून्य घेण्याआधी

जेवणं झाली, गच्चीवर अंथरुणं पडली आणि काकांनी घसा खाकरला. काकांचा घसा साफ होईपर्यंत इंजिनिअरिणीचा एक अख्खा व्हिडिओ बघून व्हायचा. इंजिनिअरीण म्हणजे त्यांची पुतणी. अजून दुसऱ्याच वर्षाला होती, पण प्रवेश मिळाला त्याच दिवशी काकांनी तिला पदवी देऊन टाकली होती. पलीकडच्या गादीवर तिचा चुलतभाऊ लंबू आडवा झाला होता, पाय नेहमीप्रमाणे गादीबाहेर.

"भूत कितव्या मिनिटाला येतं तेवढं आधी सांगा," ती म्हणाली. "सकाळी प्रॅक्टिकल आहे माझं."

"भूत येतं असं मी म्हटलं का?"

"मागच्या वेळीही नव्हतं म्हटलं. तासभर ताटकळत ठेवलंत आणि शेवटी मांजर निघालं."

लंबू खुसखुसला. काकाही हसले, पण थोडंसंच.

"ही माझ्या ओळखीतल्या मुलीची गोष्ट आहे," ते म्हणाले. "मी विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये होतो तेव्हापासूनची ओळख. तिनं मला एकदाच सांगितली. पुन्हा विचारलं की विषय बदलते. तेव्हा मध्ये मध्ये बोलायचं नाही."

"आणि शंका आली तर?"

"तर हात वर करायचा."

तिनं मोबाइल पालथा ठेवला. गच्चीवर होता तेवढाही उजेड गेला.

त्या रात्री ती लॅबमध्ये गेली ती फक्त एक चमचा आणायला.

गेल्या नोव्हेंबरातला तिसरा गुरुवार. रात्रीचे पावणेअकरा. विद्यापीठाच्या मागच्या अंगाला, वर्कशॉपच्या भिंतीला भिंत लावून रोबोटिक्सची लॅब आहे. तिथे ती चार वर्षं संशोधन करत होती. लॅबमधले सगळे तिला मीटर म्हणायचे. टॅक्सीचं मीटर कसं, गाडी सिग्नलला उभी असली तरी आतून पळतच असतं, तशी ती. खुर्चीत बसली तरी पाय हलायचा. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर तयार. आईला बरं नसल्यापासून तर दिवस तिला पुरतच नव्हता.

तिला त्या लॅबमध्ये आणलं तिच्या दादानं. तो तिच्याआधी दोन वर्षं तिथे लागला होता. दोघं भावंडं एकाच टेबलावर काम करायची. टेबलाला डाव्या बाजूनं एक आर्म, म्हणजे यंत्राचा हात, बसवलेला होता, माणसाच्या हाताएवढाच लांब, खांदा, कोपर, मनगट सगळं असलेला. डाव्या बाजूनं, कारण दादा डावखुरा. ज्यांना स्वतःच्या हातानं जेवता येत नाही त्यांना भरवायला त्या आर्मला शिकवायचं, हा त्यांचा प्रकल्प.

शिकवायची रीत अशी, की आधी आर्मला ढील द्यायची. म्हणजे त्याचे सांधे सैल होतात आणि ढकलाल तिकडे तो येतो. मग त्याचं मनगट आपल्या हातात धरायचं आणि लहान मुलाला पाटीवर गिरवायला लावतात तसं त्याच्याकडून गिरवून घ्यायचं. ताटाकडे ने, चमचा भर, वर उचल. आपण नेऊ तसं त्याच्या लक्षात राहतं. गुण लागतो म्हणा ना. सावकाश हात असेल तर सावकाश शिकतो, घाईचा असेल तर घाई शिकतो.

पण त्याआधी एक काम करावं लागतं. शून्य घ्यावं लागतं. आर्मच्या मनगटात जोर मोजणारा सेन्सर असतो. वाणी कसा काट्यावर आधी रिकामा डबा ठेवतो, बटण दाबून शून्य करतो आणि मग त्यात साखर ओततो, तसंच. बटण दाबताना मनगटाला जे काही टेकलेलं असेल, ते त्याच्या लेखी शून्य. म्हणून शून्य घेताना आर्मला कुणाचाही हात लागलेला चालत नाही. त्यावरून त्या लॅबमध्ये एक शिस्त पडली होती. बटण दाबणाऱ्यानं मोठ्यानं म्हणायचं, "हात काढा." आणि खोलीत असेल त्या प्रत्येकानं, आर्मजवळ असो की दाराशी, दोन्ही हात वर करायचे. दादा खोलीत एकटा असला तरी "हात काढा" म्हणून स्वतःचेच हात वर करायचा. बाहेरून काचेतून बघणाऱ्याला वाटायचं, आत दरोडा पडलाय.

दादा हे सगळं करत होता ते आईसाठी. आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. डाव्या हाताला आधीपासूनच कंप होता. घरी तिला दादाच भरवायचा. चमचा भरायचा, ताटाच्या काठावर त्याचं बूड एकदा पुसायचा, म्हणजे आईच्या अंगावर थेंब सांडायला नको. मग चमचा तिच्या ओठांसमोर धरून थांबायचा. नुसता थांबायचा. आईनं आपणहून तोंड उघडेपर्यंत. कधी कधी ती खिडकीबाहेर बघत बसायची. तरी हा चमचा धरून.

"अरे, भाताला मोड येतील," मीटर म्हणायची.

"येऊ देत. तेही भरवू," तो म्हणायचा.

आर्मला त्यानं चमचा भरायला शिकवलं, काठाला पुसायला शिकवलं, तोंडाच्या उंचीवर आणायला शिकवलं. तिथून पुढची वीतभर वाट तेवढी राहिली. माणसाच्या चेहऱ्याजवळ यंत्र न्यायचं तर विद्यापीठाची परवानगी लागते, आणि परवानगी आली तेव्हा दादा नव्हता. एका संध्याकाळी लॅबमधून घरी निघाला होता. चौकात सिग्नल हिरवा होता. त्याच्या बाजूनं हिरवा होता, एवढं सगळे सांगतात.

पुढे ती वीतभर वाट मीटरनं शिकवायला घेतली. टेबलाशी खुर्चीवर एक रबरी डोकं बसवलेलं होतं, उघड्या तोंडाचं. त्याला सगळे पाहुणा म्हणायचे, कारण रोज पानावर बसायचा आणि कधी जेवायचा नाही. मीटरनं शिकवलेला आर्म पाहुण्याच्या दातांवर चमचा आपटायचा. तिनं पुन्हा शिकवलं. पुन्हा आपटला. सात महिने हेच. लॅबच्या प्रमुख मॅडम शेवटी म्हणाल्या, "तुझा हातच घाईत आहे ग. त्याला दुसरं काय येणार?" प्रकल्प बंद झाला. शुक्रवारी सकाळी आर्म खोलून त्याचे भाग दुसऱ्या विभागाला द्यायचं ठरलं.

घरी तेच चाललं होतं. मीटर आईला भरवायला बसली की पहिला घास गिळायच्या आत दुसरा ओठांशी. आई तोंड फिरवायची. दादा गेल्यापासून आईचं जेवण निम्म्यावर आलं, मग पाव हिश्श्यावर. डॉक्टर म्हणाले, गिळायला काही अडचण नाही, त्या खात नाहीत एवढंच. सोमवारपर्यंत वाट बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल.

त्या गुरुवारी रात्री आईनं दोन घासांवर तोंड मिटलं. तिची जीभ जड झाली होती, शब्द सावकाश यायचे.

"त्याचा... चमचा... आण."

दादानं घरातला एक चमचा लॅबमध्ये नेला होता, वाकड्या दांडीचा. आईला तोच बरा पडायचा. तो आर्मच्या पकडीत बसवलेला होता.

"उद्या आणते," मीटर म्हणाली.

"उद्या... खोलणार ना... त्याला."

मीटरनं शेजारच्या मावशींना आईजवळ बसवलं आणि निघाली.

लॅबचं दार कार्डानं उघडतं. ती आत गेली, दिवे लावले. पुढच्या ओळीतले लागले, मागचे लागले नाहीत. एका कोपऱ्यात चार पायांचा रोबोट पट्ट्यानं छताला टांगलेला, खाटकाकडे टांगतात तसा. ड्रोन उडवायची जाळी. भिंतीवर ओळीनं कॅमेरे, सगळे बंद. जमिनीवर काळं रबर अंथरलेलं, त्यामुळे स्वतःच्या पावलांचा आवाजही येत नव्हता.

टेबलाशी पाहुणा तोंड उघडून बसला होता. आर्म भिंतीकडे घडी घालून मिटलेला होता. चमच्याचे स्क्रू भिंतीच्या बाजूला होते, हात पोचत नव्हता. म्हणजे आर्म चालू करणं आलं, ढील देऊन पुढे ओढणं आलं.

तिनं चालू केला. पडद्यावर रोजची सूचना आली. शून्य घ्या.

तिनं बटण दाबलं.

"हात काढा" म्हणाली नाही. म्हणायचं कुणाला? खोलीत ती एकटीच होती, आणि घरी मावशी ताटकळल्या होत्या.

पडद्यावर शून्य आलं. तिनं ढील दिली आणि पाना काढायला खालच्या खणात वाकली.

वर आवाज झाला. मोटारीचा, बारीक. घूं... असा.

तिनं मान वर केली. आर्म भिंतीपासून सुटला होता. कोपर उलगडत होतं. सावकाश. सैल सोडलेला आर्म कधी कधी वजनानं लवंडतो, तिला माहीत होतं. पण लवंडतो तो खाली. हा आडवा येत होता. टेबलावरून. ताटाकडे.

ताट रिकामं होतं. चमचा ताटात उतरला. रिकाम्या ताटातून फिरला. वर आला. मग ताटाच्या काठाशी गेला... आणि त्याचं बूड काठावर पुसलं गेलं.

सर्र.

एकदाच.

गच्चीवर अंधारात एक हात वर झाला.

"बोला, इंजिनिअरीणबाई."

"हे सगळं दादानं शिकवलेलंच आहे ना, काका? मेमरीत असणार. सुरू करताना चुकून लागलं असेल."

"तिलाही तेच वाटलं," काका म्हणाले. "तिनं पडद्याकडे बघितलं. शिकवलेलं काही चालू नव्हतं. नुसती ढील. म्हणजे बाहेरून कुणी ढकलल्याशिवाय हलायचं नाही, अशी. तरी म्हणू आपण, मेमरी. पुसण्यापर्यंतचं होतं मेमरीत. पुढचं ऐक."

हात खाली गेला.

चमचा तोंडाच्या उंचीवर आला. पाहुण्यासमोर थांबला नाही. पाहुण्याला ओलांडून पुढे आला. जिथे मीटर उभी होती, तिकडे.

टेबलाच्या कडेला लाल बटण असतं. ते दाबलं की सगळं जागच्या जागी थिजतं. तिचा हात त्या बटणावर होता. दाबायचं... एवढंच.

चमचा थांबला. तिच्यापासून वीतभर अंतरावर.

तिथेच तर सगळं संपत होतं. तिथून पुढचं त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिनं शिकवलं होतं ते आपटणं.

चमचा हलला नाही. पुढे नाही, मागे नाही. ती थोडी डावीकडे सरकली. चमचा डावीकडे सरकला. थांबला. ती उजवीकडे झाली. तोही.

खोलीत कुणी नव्हतं. मागच्या अंधारात टांगलेला तो चार पायांचा, एवढंच.

तिनं बटणावरून हात उचलला. का, ते तिला सांगता आलं नाही. तिनं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली.

चमचा खाली आला. तिच्या ओठांसमोर. थांबला.

तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. दातखीळ बसल्यासारखं. भीतीनं म्हणा... कशानंही म्हणा. एक मिनिट गेलं असेल. दोन. चमचा धरलेलाच. त्या अर्धवट अंधाऱ्या खोलीत मोटारीची ती बारीक घूं... आणि तिचा श्वास.

मग तिला रडू फुटलं. दादा गेला त्या दिवशी ती रडली नव्हती. वेळच नव्हता. दवाखाना, कागद, आईची औषधं. आता रडली. ओठ थरथरत होते, नाक गळत होतं. चमचा ओठांपासून बोटभर मागे गेला. हुंदका आला की मागे. ओसरला की पुन्हा जागेवर. घाई नाही. अजिबात घाई नाही.

रडणं संपायला किती वेळ लागला, तिला माहीत नाही.

मग तिनं तोंड उघडलं.

चमचा आत आला. खालच्या ओठाला टेकला, किंचित कलला. थंड स्टील. त्यात काही नव्हतं. तिनं ओठ मिटले. ओठ पुरते मिटेपर्यंत तो थांबला, आणि मग हळूच बाहेर निघाला. दाताला कुठे लागला नाही.

"दादा," ती म्हणाली.

काही नाही.

"असं थांबायचं असतं होय?"

चमचा पुन्हा ताटाकडे वळत होता. रिकाम्या ताटाकडे. पुन्हा भरायला. काठाला पुसायला. सर्र... पुन्हा तिच्यासमोर. तो रात्रभर थांबला असता. त्याला घाई नव्हतीच कधी. सकाळी मॅडम आल्या असत्या, पाना घेऊन माणसं आली असती, तरी तो असाच...

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. आपण म्हणालोच नव्हतो.

ती उभी राहिली.

"आईला मी भरवीन," ती म्हणाली. "थांबेन. तिनं तोंड उघडेपर्यंत थांबेन."

चमचा स्थिर.

तिनं दोन्ही हात वर केले.

"हात काढ, दादा."

आर्म जरा वेळ तसाच राहिला. मग वर जायला लागला. हळूहळू, पाण्याखाली दाबून धरलेली वस्तू सोडून दिल्यावर वर येते तसा. तिच्या खांद्यापर्यंत. डोक्याच्या वर. जिथवर जाता येतं तिथवर गेला, आणि छताकडे तोंड करून थांबला.

खोलीत दोन हात वर होते तिचे. आणि तिसरा तो.

तिनं लाल बटण दाबलं, पाना घेतला, स्टुलावर चढून चमचा काढला. पडद्याकडे एकदा बघितलं. बघून तिथेच उभी राहिली, बराच वेळ. मग दिवे बंद केले.

घरी आई जागीच होती. मावशी डुलक्या घेत होत्या. मीटरनं गार झालेलं ताट गरम केलं, चमचा भरला, बूड काठाला पुसलं आणि आईच्या ओठांसमोर धरला. आई खिडकीकडे बघत होती. मीटर थांबली. पाय हलला नाही तिचा. मावशी नंतर शेजारीपाजारी सांगत होत्या, मला वाटलं पोरगी बसल्या बसल्या झोपली की काय.

आईनं मान वळवली. तोंड उघडलं.

ताट अर्धं झाल्यावर आईनं तिच्याकडे नीट निरखून बघितलं. मग तिच्या खांद्यामागे, दाराकडे.

"गेला का?" आई म्हणाली.

मीटरनं पुढचा घास भरला. "हो," म्हणाली.

आईनं पुन्हा तोंड उघडलं. नळी घालावी लागली नाही.

काका थांबले. खालच्या रस्त्यावरून एक सायकल गेली.

"संपली?" लंबूनं विचारलं. त्यानं पाय आत ओढून घेतले होते.

"आर्म शुक्रवारी खोलला. भाग गेले, जायचे तिकडे. मनगटातला सेन्सर तेवढा तिनं मागून घेतला. तो लॅबच्या फडताळात आहे. मी त्यानंतर एकदा सहज गेलो होतो, तेव्हा तिनं मला तो चालू करून दाखवला. टेबलावर नुसता पडलेला होता. त्याला चमचा नाही, पकड नाही, कुणाचा हात नाही."

"मग शून्यच दाखवणार," इंजिनिअरीण म्हणाली.

काकांनी घाई केली नाही.

"काका," ती जरा वेळानं म्हणाली. हात वर करायला विसरली होती. "तिनं शून्य घेतलं ते त्या रात्री. त्यानंतर पुन्हा घेतलंच नसेल, तर तेच शून्य धरून बसणार तो."

"तिनं घेतलेलं नाही. कुणाला घेऊ देत नाही."

"वाणी डब्यासकट शून्य करतो... आणि डबा उचलला की..."

"उचलला की काटा काय दाखवतो?"

"उणे," ती म्हणाली. "डब्याच्या वजनाएवढं."

"चमचा आणि पकड मीच बसवली होती. दोन्ही मिळून किती ग्रॅम ते मला पाठ आहे, ते मी वजा धरलं. त्यापलीकडेही आकडा उरतो. उणे चारशे दहा."

लंबूनं अंधारात आपला डावा हात उजव्या तळव्यावर ठेवला. सैल सोडला. वजन बघितल्यासारखं.

काकांनी पांघरूण ओढलं आणि कुशीवर वळले.

"आजही," भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "चालू केला की तेच दाखवतो."